लाचिन हे गाव नेमकं कुणाचं? आर्मेनियाचं की अझरबैजानचं?

कागदावर ते कायम अझरबैजानचंच. सोव्हिएत काळातल्या नागोर्नो-काराबाख या, अझरबैजानमधल्याच पण आर्मेनियन-बहुल स्वायत्त प्रांतातही ते नव्हतं, हे बरेच जण विसरतात. भांडण गावापेक्षा त्याच्या रस्त्याचं: आर्मेनियातून काराबाखला जाणारा डोंगरी रस्ता इथूनच जायचा.

मे १९९२ मध्ये आर्मेनियन फौजांनी गाव घेतलं, तिथले अझेरी आणि कुर्द लोक परागंदा झाले. मग आर्मेनियन कुटुंबं येऊन राहिली आणि पाटी बदलून 'बेर्दझोर' झाली. २०२० च्या युद्धानंतर आजूबाजूचा जिल्हा अझरबैजानला परत मिळाला, पण गाव आणि ५ किलोमीटर रुंदीचा पट्टा रशियन शांतिसैनिकांकडे राहिला. गावाला वळसा घालणारा नवा रस्ता तयार झाला, तशी गावाची गरजच संपली. २६ ऑगस्ट २०२२ ला अझरबैजानी सैन्य आत आलं. त्याआधी निघून जाताना काही आर्मेनियनांनी स्वतःची घरं पेटवून दिली. १९९२ ला हाकलले गेलेले अझेरी २०२३ पासून परतू लागले.

आता पाटी पुन्हा 'लाचिन'. अर्थ बहिरी ससाणा.