गाणं, ब्लाउज, महालक्ष्म्यांची आरास आणि वाळूजची नोकरी

चि. सेलूच्या मुलीस,

नाव छापू नका असं तू दोनदा बजावलंस, म्हणून गावावरूनच हाक मारते.

इतर वाचकांसाठी तुझं पत्र थोडक्यात सांगते. वय 26, मेकॅनिकलची पदवी. संभाजीनगरजवळच्या वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षं क्वालिटी विभागात. पगार 28 हजार. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गाण्याच्या परीक्षा मध्यमा पूर्णपर्यंत झाल्यात. मैत्रिणींचे ब्लाउज तू डिझाइन करून देतेस, घरच्या महालक्ष्म्यांची आरास दरवर्षी तुझ्याकडे असते, आत्याच्या मुलीच्या डोहाळजेवणाचं डेकोरेशन पैसे घेऊन केलंस, आणि एका हौशी नाट्यसंस्थेत पडद्यामागे राबतेस. आता एका खाजगी संस्थेने ‘फॅशन आणि इंटिरियर’चा एक वर्षाचा डिप्लोमा गळ्यात मारायचं ठरवलंय, फी अडीच लाख. नोकरी सोडून तो करू का, हा तुझा प्रश्न. काकू म्हणतात, एक ना धड भाराभर चिंध्या. आणि पत्राच्या तळाशी वेगळ्या, वळणदार अक्षरात पप्पांची एक ओळ: ‘मॅडम, यात पेन्शन आहे का?’

पप्पांना आधी उत्तर देते. सर, यात पेन्शन नाही. पण जिल्हा परिषदेच्या शाळेतून तुम्ही ज्या पेन्शनवर निवृत्त झालात, तशी तुमच्या लेकीला वाळूजच्या कारखान्यातही मिळणार नाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत लागलेल्या तुमच्याच सहकाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली आणि त्यावर किती मोर्चे निघाले, हे तुम्ही मला सांगावं. तेव्हा तुलना पेन्शनशी नको, दर महिन्याला खात्यावर पडणाऱ्या 28 हजारांशी करू. त्या तुलनेत आजघडीला पारडं तुमच्या बाजूला आहे, हे आधीच कबूल करते.

आता तुझ्याशी बोलते. तुझं पत्र मी पेन्सिल घेऊन वाचलं. गाण्यावर तू अख्खं पान लिहिलंस. जीव रमतो, भान राहत नाही, वगैरे. असेलही. पण त्या पानावर एका रागाचं नाव नाही, गुरुजींनी परवा कुठली चूक काढली ते नाही, रियाजाला किती वाजता बसतेस ते नाही. इंटिरियरबद्दल तर मोबाइलवर पाहिलेल्या घरांपलीकडे काहीच नाही. आणि मग एकदम आजीच्या पैठणीचा ब्लाउज येतो. तिथे तू लिहितेस: ‘पदर एका बाजूने विटला होता, म्हणून उलटी बाजू वर घेतली. आसावलीची वेल पाठीच्या मधोमध यावी म्हणून कापड दीड इंच खाली सरकवलं, तर बाह्यांना काठ पुरेना. मग एका बाहीला आतून जोड दिला, तो अजून कुणाला दिसला नाही.’

हे चार ओळींचं लिखाण मला तुझ्या गाण्याच्या पानापेक्षा जास्त पटलं. हातमागावरच्या पैठणीत नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवत विणतात, मागे दोरे मोकळे सुटत नाहीत. म्हणून ती दोन्ही अंगांनी सारखी दिसते आणि उलटवता येते. हिमरू कापडाला हे चालत नाही, त्याच्या मागच्या अंगाला बाण्याचे, म्हणजे आडव्या विणीचे, सुटे दोरे असतात. पैठणी नेसणाऱ्या बऱ्याच बायकांना हा फरक सांगता येणार नाही. तुला तो कात्री हातात असताना सुचला.

दुसरी जागा डोहाळजेवणाची. तिथे तू हिशेबच लिहून पाठवलास, तो इथे उतरवते, कारण अशी पत्रं मला बरीच येतात आणि हिशेब कुणीच पाठवत नाही. आत्याने दिले 14,000. आठ बाय दहाची फ्रेम आणि गुलमंडीतून घेतलेलं कापड मिळून 5,200. फुलं 3,800. छोटा हत्ती टेम्पो 1,500. मदतीला दोन पोरं 1,600. खर्च 12,100, हातात राहिले 1,900. तीन दिवस आणि एक रात्र. वर तू लिहितेस, ‘ताई, रात्री एक वाजता टाचण्या गोळा करताना मला पहिल्यांदा वाटलं की हेच करावं.’

पोरी, त्या 1,900 मध्ये तुझी रोजंदारी धरली तर तुझी कमाई त्या दोन पोरांच्या आसपास. पण हिशेबात एक गोष्ट तू नीट पाहिली नाहीस. फ्रेमचं भाडं सोड, कापड तुझं आहे ना? ते आता कॉटखाली घडी करून ठेवलेलं असणार. पुढच्या कामाला ते फुकट. डेकोरेशनचा धंदा चालतो तो असाच, एकदा घेतलेल्या मालाच्या दहाव्या-विसाव्या वापरावर. म्हणून या धंद्यातल्या मुरलेल्या माणसाला ‘तुमची स्टाइल काय’ विचारू नकोस, ‘गोडाऊन केवढं’ ते विचार. उंदीर, ओल, इस्त्री, हरवलेले क्लॅम्प, टेम्पोवाल्याचा बंद फोन, हा या कामाचा मोठा भाग आहे, आणि तो मोबाइलवरच्या फोटोत येत नाही. टाचण्या गोळा करताना तुला कंटाळा आला नाही, ही तुझ्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती.

हंगामही समजून घे. तुळशीचं लग्न लागलं की कामं सुरू, आषाढात चातुर्मास बसला की मुहूर्त बंद. मधे गणपती आणि महालक्ष्म्या. म्हणजे वर्षातले काही महिने झोपायला वेळ नाही आणि काही महिने फोन वाजत नाही. त्यात आपला मराठवाडा. सोयाबीन आणि कापसाला भाव मिळाला नाही की लग्नघरात पहिली कात्री मंडपाच्या सजावटीला लागते, जेवणावळीला नाही. पुण्यातल्या डेकोरेटरची पुस्तकं वाचून इथलं गणित बसत नाही.

आता फॅशनचं. डिप्लोमाच्या जाहिरातीत दिसतं ते फॅशन आणि तू करतेस ते काम, यांत अंतर आहे. तुला खरोखर डिझाइनचं शिक्षण हवं असेल तर पदवीनंतरचे रस्ते उघडे आहेत. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेचा दोन वर्षांचा एम. डेस., म्हणजे डिझाइनची पदव्युत्तर पदवी, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला करता येतो, आपल्याला सोयीचं केंद्र खारघरचं. आयआयटी मुंबई घेते ती सीड (CEED) ही डिझाइनची प्रवेश परीक्षा तुला देता येईल, तिला वयाची अट नाही, आणि इंजिनियरिंगवाली मुलं तिथे भरपूर असतात. पण या दोन्हींतून बाहेर पडलेल्यांच्या नोकऱ्या बहुतेक मुंबई, बंगळुरू, दिल्लीकडे. सेलू-संभाजीनगरला राहून बुटीक काढायचं असेल तर एम. डेस.पेक्षा कटिंग मास्तर जास्त उपयोगाचा. तू ब्लाउज ‘डिझाइन करतेस’, शिवतं कुणी दुसरंच, हे तू ओझरतं लिहून पुढे गेलीस. तिथेच थांबायला हवं होतं. ज्याला स्वतः कापता येत नाही त्याला कारागीर गुंडाळून ठेवतो. सरकारी आयटीआयमध्ये फॅशन डिझाइन आणि टेक्नॉलॉजीचा एक वर्षाचा ट्रेड आहे, दहावीवर प्रवेश मिळतो, फी तुझ्या अडीच लाखांच्या जवळपासही फिरकत नाही. इंजिनियर होऊन लेक आयटीआयला, म्हटल्यावर सेलूत पप्पांना चार जण विचारतील, ते असो. अडचण वेगळीच: तो पूर्णवेळ असतो, नोकरीसोबत जमणार नाही. म्हणून सध्या सुट्टीच्या दिवशी एखाद्या चांगल्या लेडीज टेलरकडे पैसे देऊन बस. फुकट शिकवणारा मास्तर काजं-बटणंच करायला लावतो.

गाण्याबद्दल कदाचित माझा राग येईल. विशारद पूर्ण कर, दोन टप्पेच उरलेत आणि परीक्षा वर्षातून दोनदा होतात. पण गाण्याला घरभाडं भरायला लावू नकोस. शिकवण्या मिळतील, शाळेतल्या संगीत शिक्षकाच्या जागा मोजक्या आहेत, आणि मैफली मिळायला जे एकमार्गी आयुष्य लागतं ते तुझ्या पत्रात मला दिसलं नाही. यात गाण्याचा अपमान नाही. तू जिथे खोली घेऊन राहतेस तिथून देवगिरीचा किल्ला फार लांब नाही. तिथल्या यादव राजा सिंघणाच्या दरबारात तेराव्या शतकात शारंगदेव होता. ज्या ‘संगीतरत्नाकरा’चा आधार हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही परंपरा घेतात, तो त्याचा. त्याची नोकरी कोणती होती, तर राज्याच्या जमाखर्चाची. महागामी गुरुकुलात त्याच्या नावाचा महोत्सव बघायला तू जातेस असं लिहिलंस, म्हणून ही आठवण.

राहिलं नाटक. याच्यावर तू जेमतेम तीन ओळी खर्च केल्यास आणि मला वाटतं सगळं घबाड तिथेच आहे. कापड, मांडणी, संगीत, यांची तुला वेगवेगळी दुकानं वाटतात. नेपथ्य करणाऱ्याला ती एकाच रात्रीत, एकाच टेम्पोत बसवावी लागतात. दोन लेव्हल, चार फ्लॅट, एक खिडकी, बाईच्या साडीचा रंग मागच्या भिंतीत बुडू नये, आणि नाटक संपल्यावर सगळं उतरवून थिएटर रिकामं. राज्य हौशी नाट्य स्पर्धेत नेपथ्य, प्रकाशयोजना आणि रंगभूषेला स्वतंत्र बक्षिसं असतात, संभाजीनगर, नांदेड, परभणीला केंद्रं असतात. विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग तुझ्या शहरातच आहे. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी यांची ‘जिगीषा’ मुंबईला गेली ती याच गावातून. मी तुला मुंबईला जा म्हणत नाही. या वेळी चहा आणि प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळण्यावर भागवू नकोस, दिग्दर्शकाकडे नेपथ्य माग. आधी मापासहित कागदावर काढून दाखव. ड्रॉइंग वाचता येणारा माणूस हौशी संस्थेत विरळा, आणि तू रोज आठ तास तेच करतेस.

तुझ्या कारखान्यातल्या कामाला तू ‘रुक्ष’ म्हणालीस. व्हर्नियर धरणं, रिजेक्शनचं कारण लिहिणं, व्हेंडरच्या मागे लागून माल वेळेवर आणवणं, हे रुक्ष खरंच. पण प्रदर्शनांचे स्टॉल उभारणारे, शोरूमची आतली मांडणी करणारे, लग्नांचे मोठे सेट लावणारे ठेकेदार अशाच माणसाच्या शोधात असतात. कल्पना सुचणारे त्यांच्याकडे ढीगभर येतात. सुतार, इलेक्ट्रिशियन आणि फुलवाला सकाळी सहाला एका जागी हजर करणारा मिळत नाही. नोकरी बदलायचीच असेल तर पहिला अर्ज अशा ठिकाणी कर. पगार आधी थोडा कमी मिळेल, तो पप्पांना सांगून घे.

तेव्हा नोकरी सोडू नकोस, निदान एक लग्नसराई जाईपर्यंत. या सराईत नात्याबाहेरची कामं घे. आत्याने 14,000 दिले ते तुझ्याकडे पाहून. अनोळखी माणूस घासाघीस करेल, ॲडव्हान्स द्यायला टाळेल, आदल्या दिवशी रंग बदलेल. निम्मे पैसे आधी घेतल्याशिवाय कापडाला हात लावू नकोस, आणि स्वतःची मजुरी खर्चात धर. सराईनंतर वही उघड. कामं परत आली, ओळखीतून नवी आली, आणि मजुरी वजा जाऊन काही उरलं, तर महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्रात जाऊन बस, त्यांचं मुख्यालय संभाजीनगरलाच आहे. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नकोस. मुद्रा योजनेत शिशु गटाला 50,000 पर्यंत कर्ज मिळतं, फ्रेम आणि लायटिंगला तेवढं पुरतं. पण पहिल्या हंगामात कर्ज नकोच. आणि समजा वही बघून कळलं की तुला माणसं हाकायचा वैताग येतो, कागदावर काढण्यातच मजा आहे, तर सीडचा फॉर्म भर. त्या परीक्षेत चित्र काढण्याबरोबर विचार कसा करतेस ते बघतात, तोवर तुझ्याकडे दाखवायला खरी कामं असतील.

एक सूचना, हे सगळं सुरू करायच्या आधीची. तुझं नियुक्तीपत्र काढून वाच. कंपनीच्या परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये, असं कलम बऱ्याच पत्रांत असतं. असेल तर एचआरकडे लेखी विचार. गुपचूप कामं घेऊन इन्स्टाग्रामवर फोटो टाकणं महागात पडतं.

डिप्लोमावाल्यांनी ‘या महिन्यात भरलं तर 20 टक्के सूट’ म्हटलंय ना? त्यांना तीन गोष्टी लेखी माग: मान्यता कुणाची, पॅटर्न कटिंग शिकवणारं कोण आणि त्याचे तास किती, आणि मागच्या बॅचच्या मुलींपैकी कुणाशी बोलता येईल. उत्तर आलं तर मला पाठव. नाही आलं, किंवा नुसताच ‘मॅडम, सीट फुल होतायत’ असा फोन आला, तर अडीच लाख बँकेतच राहू देत.