शिकवणीसाठी महाविद्यालयीन विद्यार्थी कसे निवडावेत?

प्रश्न : आमच्या गावात समाजमंदिरात आठवी ते दहावीच्या ४० मुलांसाठी संध्याकाळी गणित-विज्ञानाची मोफत शिकवणी सुरू केली आहे. शिकवायला तालुक्याच्या महाविद्यालयातले बी.एस्सी.चे विद्यार्थी मानधनावर घ्यावेत, असे गावकऱ्यांनी ठरवले आणि तेथील फलकावर सूचना लावली. दोघेच आले, त्यांतला एक आठवड्यात सोडून गेला. विद्यार्थी कसे मिळवावेत व निवडावेत?
— एक वाचक, आर्णी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सूचना वाचणाऱ्या विद्यार्थ्याला पहिली शंका येते ती रात्री घरी परतायचे कसे, ही. म्हणून आपल्या गावाहून किंवा त्याच रस्त्यावरच्या गावांहून एसटीच्या पासावर रोज ये-जा करणारे विद्यार्थी आधी शोधावेत. परतताना ते आपल्या फाट्यावर उतरू शकतील आणि शेवटच्या गाडीने घरी जातील. सूचनेत वार, वेळ, मानधन आणि ते देण्याची तारीख स्पष्ट लिहावी. मुली शिकवायला येणार असतील तर दोघींना एकाच दिवशी बोलवावे.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांनाही अवश्य भेटावे. योजनेतील स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवा द्यावी, अशी अपेक्षा असते. मात्र ती सेवा विनामोबदला असल्यामुळे, हे तास त्यात धरायचे की मानधन द्यायचे, हे प्रत्येक विद्यार्थ्याशी आधीच ठरवून घ्यावे. गावच्या शाळेतल्या गुरुजींना गळ घालण्याचा मोह होईल. तो टाळावा, कारण शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५० हून अधिक विद्यार्थ्यांच्या शिकवणी वर्गात पदवीपेक्षा कमी शिक्षण असलेल्यांना शिकवायला ठेवता येत नाही. त्यामुळे शेजारच्या गावांतून मुले येऊ लागली तरी संख्या वाढू देऊ नये.

आता निवड. गुणपत्रिका पाहावी, पण तिच्यावर फार विसंबू नये. त्यापेक्षा आठवीतल्या एखाद्या मुलाला फळ्याजवळ उभे करून १/२ + १/३ सोडवायला सांगावे. बहुधा तो वरचे वर आणि खालचे खाली मिळवून २/५ लिहील. उमेदवार काय करतो, ते आपण मागे बसून पाहावे. ज्याने फळा पुसून स्वतःच ५/६ लिहिले, त्याला गणित येते एवढेच आपल्याला कळले. ज्याने मुलाला विचारले, ‘अर्धी भाकर खाल्ली, वर आणखी एक-तृतीयांश खाल्ली, मग एकूण अर्धीपेक्षा कमी कशी भरली रे?’ आणि मुलगा गोंधळून पुन्हा आकड्यांकडे पाहीपर्यंत तोंड मिटून थांबला, त्याला मी ५५ टक्केवाला असला तरी घेईन. ही थांबण्याची सवय पुढे शिकवता येत नाही, असा माझा अनुभव आहे. धडा कसा आखावा हे मात्र दोन रविवारांत शिकवता येते.

दोन जागांसाठी तिघे घ्यावेत. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या हिवाळी आणि उन्हाळी परीक्षांच्या काळात ही मुले येणार नाहीत, आणि दसऱ्याच्या सुमारास सोयाबीनची सोंगणी व पुढे कापसाची वेचणी सुरू झाली की शिकवणारा आणि शिकणारे दोघेही शेतात असतील. तेव्हा त्या दिवसांत वर्ग आठवड्यातून दोनदाच ठेवावा. मानधन थोडे असले तरी चालेल, परंतु ‘कापूस विकला की पाहू’ हे उत्तर एकदाही देऊ नये.

सोडून गेलेल्या मुलाला एकदा भेटून कारण विचारावे. तीन इयत्तांची ४० मुले एका खोलीत बसवून त्याच्या एकट्याच्या हवाली केली असतील, तर दोष त्याचा नाही. दहावीचा वर्ग वेगळा काढून त्यालाच पुन्हा बोलवावे.