घर बदलाल तेव्हा गाडीच्या विम्यालाही सांगा

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्ही गोव्यात बांबोळीला नर्स आहात, इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात नोकरी पक्की झाली आहे. पहिले काही आठवडे हॉस्पिटलच्या खोलीत राहून मग भाड्याचं घर बघणार आणि तिथे एक जुनी गाडी घेणार. पर्वरीच्या फ्लॅटखाली उभी असते ती गाडी साखळीला वडिलांकडे राहणार. तुम्ही विचारता, पत्ता बदलला म्हणून गाडीच्या विम्यात खरंच काही करावं लागतं का, की नूतनीकरणाच्या वेळी सांगितलं तरी चालेल?

करावं लागतं, दोन्ही गाड्यांच्या बाबतीत. इंग्लंडमध्ये तर सामान हलवायच्या आधी.

मी फोंडा तालुक्यातला. इंग्लंडमधल्या स्विंडनला जाऊन नऊ वर्षं झाली, तेवढ्यात चार घरं बदलली. गोव्याहून गेलेली माणसं नेमकी कुठे अडखळतात ते जवळून पाहिलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडे माणूस राहतो पर्वरीत आणि त्याचे कागद राहतात गावात. रेशनकार्ड गावचं, मतदान गावचं, गाडीच्या आरसीवरही गावच्या घराचा नंबर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही, कारण ते घर आपलंच असतं, चवथीला आपण तिथेच जातो. विम्याच्या हप्त्यालाही त्याने फारसा धक्का लागत नाही. भारतात थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा दर इंजिनाच्या सीसीवर ठरतो आणि तो सरकार ठरवतं. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता गाडीची किंमत, वय, सीसी आणि झोनवर. झोन दोनच: मुंबई, पुणे, दिल्ली, बंगळूर अशी आठ मोठी शहरं ए मध्ये, बाकी सगळा देश बी मध्ये. काणकोणपासून पेडण्यापर्यंत सगळा गोवा बी. त्यामुळे पत्ता ही आपल्या डोक्यात फक्त टपाल यायची जागा असते.

इंग्लंडमध्ये पत्ता म्हणजे जोखीम. विमा कंपनी विचारते ते असं: गाडी रात्री कुठे उभी असते? रस्त्यावर, घरासमोरच्या स्वतःच्या जागेत की गॅरेजमध्ये? तिथला पोस्टकोड सांगितला की त्या भागातल्या चोऱ्या, अपघात, आलेले दावे, सगळं त्यांच्या हिशेबात येतं. एकाच शहरात दोन मैलांवर घर बदललं तरी हप्ता वर किंवा खाली जातो. म्हणून 'मित्राचा पत्ता दिला तर स्वस्त पडतं' असा सल्ला कुणी देईल, अगदी आपल्यातलाच देईल, तो ऐकू नका. गावचा पत्ता कागदावर ठेवण्यासारखी ती साधी गोष्ट नाही. तिथे ती फसवणूक धरतात.

मी कुणाला फसवलं नव्हतं, फक्त सांगितलं नव्हतं, तरी मला त्रास झाला. आधीच्या घराला मागे आवार होतं, गाडी आत राहायची. नवं घर ओळीतलं, गाडी रस्त्यावर. बँक, डॉक्टर, कौन्सिल, ऑफिस, सगळीकडे नवा पत्ता दिला. विमा संपायला तीन महिने होते, तेव्हा सांगू म्हटलं. पाचव्या आठवड्यात रात्री कुणीतरी गाडीचा आरसा तोडून, दार चेपून निघून गेलं. दावा केला तेव्हा विमा कंपनीच्या बाईंनी फोनवर पहिल्याच दोन मिनिटांत विचारलं, गाडी कुठे होती? मी खरं ते सांगितलं. पत्ता बदलल्यास लगेच कळवावं ही पॉलिसीतली अट होती आणि मी ती पाळली नव्हती. नव्या पत्त्यावर किती हप्ता पडला असता याचा हिशेब करून त्यांनी बिलाचा एक भागच दिला, तोही दोन महिन्यांनी. उरलेले पैसे माझ्या खिशातून गेले. त्याहून वाईट म्हणजे ते दोन महिने कामावर जायला पहाटेची बस.

माझ्या बाबतीत तेवढ्यावर भागलं. विमा घेताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी चुकीची माहिती दिली, तर तिकडे २०१२चा ग्राहक विमा कायदा लागू होतो. निष्काळजीपणाने चूक झाली असेल तर भरपाई त्या प्रमाणात कापता येते. म्हणजे हप्ता १,००० पौंड हवा होता आणि तुम्ही ८०० भरलेत, तर दाव्याच्या ८० टक्के. जाणूनबुजून केलं असेल तर पॉलिसीच रद्दबातल. आणि एकदा कंपनीने पॉलिसी रद्द केली की पुढे प्रत्येक नवी कंपनी विचारते, तुमचा विमा कधी रद्द झाला होता का? त्याला 'हो' म्हणावं लागतं आणि मग हप्ते परवडत नाहीत.

बिनविम्याची गाडी चालवताना सापडलात तर ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट्स, म्हणजे गुन्ह्याचे गुण. पोलिस गाडीही उचलून नेऊ शकतात. तुमच्यासाठी हे सहा पॉइंट्स फार महत्त्वाचे आहेत. तिथली ड्रायव्हिंग टेस्ट पहिल्यांदा पास झाल्यापासून दोन वर्षांत सहा पॉइंट्स झाले की लायसन्स जातं, पुन्हा पहिल्यापासून परीक्षा. आणि तुम्हाला टेस्ट द्यावीच लागणार आहे. गोव्याच्या लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून १२ महिनेच गाडी चालवता येते. भारताचं लायसन्स तिकडे बदलून मिळत नाही. प्रोव्हिजनल म्हणजे शिकाऊ लायसन्स ऑनलाइन ३४ पौंड, थिअरीची परीक्षा २३, प्रत्यक्ष टेस्ट कामाच्या दिवशी ६२. टेस्टची तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा पोचल्याबरोबर प्रोव्हिजनलचा अर्ज करा, अकराव्या महिन्याची वाट बघू नका. पास झालात की तेही विमा कंपनीला सांगायचं. भारतीय लायसन्सवरून ब्रिटिश लायसन्सवर आलात की हप्ता उतरण्याची शक्यता असते.

आता घर बदलताना काय करायचं. करारावर सही झाली, चावीची तारीख कळली की त्याच दिवशी विमा कंपनीला फोन करा किंवा त्यांच्या साइटवर आपल्या खात्यात जा. नवा पोस्टकोड, गाडी कुठे उभी राहणार, आणि बदल कोणत्या तारखेपासून हवा, हे सांगा. ती तारीख चावी मिळेल तीच. उरलेल्या महिन्यांचा फरक ते सांगतात आणि बहुतेक कंपन्या बदल करण्याची फी वेगळी घेतात. कधी पैसे परतही मिळतात. नवीन सर्टिफिकेट ईमेलने येईल, त्यावरचा पत्ता आणि गाडीचा नंबर वाचून बघा. काही वेळा कंपनी म्हणते, त्या भागात आम्ही विमा देत नाही. म्हणूनच आधी विचारायचं, म्हणजे दुसरी कंपनी शोधायला हातात दिवस राहतात. मात्र वर्ष पुरं व्हायच्या आत पॉलिसी मोडली तर रद्द करण्याची फी पडते आणि त्या वर्षाचा नो क्लेम, म्हणजे दावा न केल्याबद्दलची हप्त्यातली सूट, मिळत नाही. फरक थोडा असेल तर आहे तीच चालू ठेवलेली बरी.

पत्त्याबरोबर आणखी एक गोष्ट बदलते, ती नर्सेस हमखास विसरतात. विमा घेताना गाडी कशासाठी वापरणार ते विचारतात. फक्त घरगुती वापर, की कामावर जाण्यायेण्यासाठी, की कामाच्या वेळात इकडून तिकडे फिरण्यासाठी. हॉस्पिटलच्या खोलीतून तुम्ही ड्युटीवर चालत जाल. चार मैलांवर घर घेतलंत की गाडीने जाल, तेव्हा 'कामावर जाणं' पॉलिसीत असायला हवं. एका हॉस्पिटलातून दुसऱ्या ठिकाणी ड्युटीसाठी पाठवत असतील तर त्याला वेगळं कलम लागतं. वर्षाचे मैलही वाढतील, तेही सांगा.

आणि हे लक्षात ठेवा, की विमा कंपनीला सांगितलं म्हणजे सरकारला कळलं असं होत नाही. डीव्हीएलए म्हणजे तिथलं आरटीओच. तिथे लायसन्सवरचा पत्ता वेगळा बदलायचा आणि गाडीच्या लॉग बुकवरचा, म्हणजे तिथल्या आरसीवरचा, वेगळा. दोन्ही फुकट होतात, सरकारी साइटवर. पैसे मागणारी साइट दिसली तर बाहेर या. न कळवल्यास प्रत्येकासाठी १,००० पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. दंडाच्या नोटिसा लॉग बुकवरच्या पत्त्यावर जातात. जुन्या घरात नवा भाडेकरू आला की त्या पाकिटांचं काय होतं ते सांगायला नको.

चवथीला महिनाभर गोव्याला आलात आणि गाडी तिथे नुसती उभी राहिली, तरी विमा चालूच हवा. २०११ पासून तिकडे नियमच आहे: गाडी रस्त्यावरून काढली असं डीव्हीएलएला कळवलेलं नसेल, तर उभ्या गाडीलाही विमा लागतो, नाहीतर मालकाला १०० पौंडांचा दंड घरी येतो.

माझं मत विचाराल तर हॉस्पिटलच्या खोलीत असताना गाडी घेऊच नका. घर ठरू द्या. पहिल्या विम्याला पक्का पत्ता मिळाला की अर्धी डोकेदुखी वाचते.

आता साखळीच्या गाडीचं. इथे हप्ता बदलणार नाही, पण तुमच्या विमा कंपनीकडून पत्त्याचा बदल पॉलिसीवर नोंदवून घ्या, त्याला एंडॉर्समेंट म्हणतात. आरसीवरचा पत्ताही खरा हवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे पत्ता बदलल्यावर ३० दिवसांत कळवायचं असतं, फॉर्म ३३. आरसी आधीच साखळीच्या घरावर असेल तर उत्तम.

मोबाइल नंबरकडे मात्र आजच बघा. पॉलिसीला, वाहन पोर्टलला, सगळीकडे तुमचा नंबर जोडलेला असणार. तिकडे गेल्यावर सिम बंद पडलं की ओटीपी येत नाही आणि साखळीत बसलेल्या वडिलांना नूतनीकरणही करता येत नाही. जायच्या आधी त्यांचा नंबर घाला. पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण झालं नाही तर नो क्लेम बोनस जातो, तुमचा कदाचित ५० टक्क्यांपर्यंत पोचला असेल. बिनविम्याची गाडी पकडली तर पहिल्या वेळी २,००० रुपये, दुसऱ्यांदा ४,०००, आणि तीन महिन्यांपर्यंत कैदेचीही तरतूद आहे. हे वडिलांच्या माथी नको.

'बाबा कधीतरीच चालवणार, थर्ड पार्टीच ठेवू' असंही लिहिलंय तुम्ही. साखळीच्या घराच्या अंगणात माड आहेत ना? मृगात झाड पडलं, नारळ काचेवर आला, वाळवंटी नदी फुगून पाणी आत शिरलं, तर थर्ड पार्टीतून दमडीही मिळत नाही. पूर्ण विमाच ठेवा.

वडीलच कायमचे वापरणार असतील तर गाडी त्यांच्या नावावर करणं अधिक बरं, फॉर्म २९ आणि ३०. मग १४ दिवसांत विमाही त्यांच्या नावावर करायचा अर्ज करा. तुमचा नो क्लेम त्यांना जात नाही, तो तुमचाच राहतो. त्याचं पत्र कंपनीकडून घ्या, भारतात ते तीन वर्षं चालतं. गाडी तुमच्याच नावावर ठेवलीत तर निदान किती वर्षं दावा नाही, कोणत्या तारखेपासून, असं लेटरहेडवर लिहून घ्या. इंग्लंडमधल्या सगळ्याच कंपन्या भारतातला नो क्लेम धरत नाहीत, पण काही धरतात. प्रत्येकीला विमा घेण्याआधी विचारा, आणि 'हो' म्हणाली तर तिला ते पत्र लागेलच.

पत्र मागायला कंपनीच्या पणजीच्या ऑफिसात वडिलांना पाठवू नका, तुम्हीच जा. पॉलिसी तुमच्या नावावर आहे, सही तुमचीच लागेल, आणि विमानाच्या आदल्या आठवड्यात त्याला वेळ मिळणार नाही.