सकाळीच बाटल्या वाटून टाका

तुमचं दुखणं थोडक्यात असं: पाथफाइंडर सेकंड एडिशन या टेबलावर फासे टाकून खेळायच्या भूमिका-खेळात तिसऱ्या लेव्हलचा किमयागार (अल्केमिस्ट, म्हणजे औषधं आणि बॉम्बच्या बाटल्या बनवणारा) खेळताय, निम्मे बॉम्ब चुकतात, शेजारचा फायटर (तलवारवाला लढवय्या) एका घावात तुमच्या दोन टर्नचं काम उरकतो, आणि आता पात्र बदलावं असं मनात येतंय. बदलू नका. निदान अजून दोन-तीन रविवार तरी थांबा.

हेच पात्र मी बडोद्यात रावपुऱ्यात मैत्रिणीच्या माळ्यावर दीडेक वर्ष खेळले. टेबलावर मला सगळे 'कंपाउंडर' म्हणायचे. पहिले काही महिने ते झोंबायचं. मग लक्षात आलं की चिडवणाऱ्यांनी नकळत बरोबर नाव ठेवलंय आणि मीच चुकीचं काम करतेय. कंपाउंडर पुड्या बांधतो आणि पेशंटच्या हातात देतो. मी मात्र सगळ्या पुड्या स्वतःच्या खिशात ठेवून लढाईत फायटरशी शर्यत लावत होते.

आकड्यांत तुमचं रडगाणं खरं आहे, ते आधी मान्य करू. तिसऱ्या लेव्हलला डेक्स्टेरिटी (चपळाई) +3, ट्रेनिंगचे +5 आणि मॉडरेट, म्हणजे मधल्या दर्जाच्या, बॉम्बचा +1, म्हणजे तुमचा हल्ला +9; वीस बाजूंच्या फाशावर पडेल त्यात हा मिळवायचा. त्याच लेव्हलच्या फायटरचा, जादुई तलवारीसकट, +12. हे अंतर कधीच पूर्ण भरून निघत नाही. तुमचा मुख्य गुण बुद्धी आहे आणि बाटली बुद्धीने फेकता येत नाही!

पण आता समोर ट्रोल नावाचा राक्षस उभा करा. पाचव्या लेव्हलचा, एसी 20 (हल्ल्याची बेरीज तेवढी झाली तरच घाव लागतो), हिट पॉइंट, म्हणजे जीव, 115, आगीसमोर 10 ची वीकनेस (आग लागली की दर वेळी 10 जास्त). फायटर त्याला मनसोक्त तोडतो आणि ट्रोल दर टर्नला 20 पॉइंट परत भरून काढतो. तुम्ही मॉडरेट अल्केमिस्ट्स फायर, म्हणजे आगीची बाटली, फेकलीत आणि फाशावर 7 पडला, तर 16 होतात, म्हणजे चुकली. तरी शिंतोड्यांचे 2 लागतात, त्यावर वीकनेसचे 10, एकूण 12. शिवाय आग लागली म्हणून त्याचं भरून येणंही तात्पुरतं थांबतं. बाटली पूर्ण वाया जायला फाशावर नेमका 1 पडावा लागतो. आणि लागलीच, तर 2डी8 (आठ बाजूंचे दोन फासे) अधिक 2 अधिक 10, वर पेटलेलं अंग टर्नच्या शेवटी पुन्हा 2 अधिक 10 खातं. म्हणून बॉम्ब फेकण्याआधी एक अॅक्शन रिकॉल नॉलेजवर, म्हणजे समोरच्याबद्दलची माहिती आठवण्यावर, घालवायची. बुद्धी तुमचीच सगळ्यांत जास्त, मग ती तिथे वापरा. समोरच्याला काय बाधतं ते कळेपर्यंत महागडी बाटली उघडायचीच नाही. (शिंतोडे शेजारच्या मित्रांवरही उडतात. बॉम्बर शाखा घेतली असेल तर ते टाळता येतं; नसेल तर फायटरला आधी ओरडून सांगा. मी एकदा नाही सांगितलं.)

आता वाटपाकडे येते. 2024 मध्ये नियम बदलले, आणि तुमचा जीएम (खेळ चालवणारा) जुनी 2019 ची प्रत धरून बसला असेल तर आधी तेवढं भांडून घ्या. जुन्या नियमांत लेव्हल अधिक बुद्धी एवढेच रीएजंट (बाटल्यांचा कच्चा माल) मिळायचे, ते संपले की दिवस संपला. नव्यात तुमच्या +4 बुद्धीला सकाळी आठ वस्तू बनतात आणि वर सहा व्हायल (छोट्या कुप्या) हाताशी राहतात. शोधाशोध चालू असताना दर दहा मिनिटांनी दोन व्हायल परत येतात. तेव्हा 'पुढे लागेल' म्हणून जपून ठेवायची सवय सोडाच.

सकाळच्या आठ वस्तू नाश्त्यालाच वाटून टाकायच्या, कारण लढाईत वाटायला वेळ नसतो. तीन अॅक्शनच्या टर्नमध्ये मित्रापर्यंत चालत जा, बाटली काढा, त्याच्या तोंडाला लावा: अख्खा टर्न गेला, तोही तुमच्या लेव्हलला जेमतेम 1डी6 बरं करायला. तीच बाटली त्याच्या कमरेला असती तर त्याने दोन अॅक्शनमध्ये स्वतः प्यायली असती. खरं तर या लेव्हलला बरं करणारं एलिक्झर एखाद-दुसरंच पुरे. त्यापेक्षा अँटीडोट द्या: सहा तास विषाविरुद्ध +2, कोळ्यांच्या गुहेत शिरायच्या आधी सगळ्यांना एकेक. आणि तिरंदाजाला, तसंच स्वतःलाही, मॉडरेट क्विकसिल्व्हर म्युटेजेन, म्हणजे नेम सुधारणारं पेय. ते दहा मिनिटं टिकतं, म्हणून दार उघडायच्या आधी प्यायचं. त्याचा +2 बॉम्बच्या +1 मध्ये मिळवता येत नाही, मोठा तेवढाच धरतात, तरी तुमचा हल्ला +10 होतो. बदल्यात तुमचे 6 हिट पॉइंट जातात आणि फॉर्टिट्यूड (अंगाची सहनशक्ती) दोनने उतरतो. हा तोटा पिणाऱ्याला आधी सांगायचा, नाहीतर पुढच्या वेळी तुमच्या हातून कोणी पाणीसुद्धा घेणार नाही.

मग सहा व्हायल कशाला? आपल्याकडे सेव-उसळीबरोबर तिखट तरीची वाटी वेगळी का देतात, त्यालाच. तिखट किती लागणार ते ताट समोर आल्यावरच कळतं. व्हायलमधून आयत्या वेळी हवी ती वस्तू बनते, फक्त ती लगेच वापरावी लागते. तेव्हा ठरलेल्या गरजा सकाळच्या आठांत आणि अचानकच्या व्हायलमध्ये. व्हायल संपल्या तरी क्विक व्हायलचा, म्हणजे साठा न खर्चता बनणाऱ्या कुपीचा, हलका बॉम्ब दर टर्नला फुकट आहेच.

टेबलावर कोणी 'त्यापेक्षा डीअँडडी खेळू' म्हणेल, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, असाच दुसरा खेळ. तिथला अल्केमिस्ट हा आर्टिफिसरचा (जादुई वस्तू बनवणाऱ्याचा) एक प्रकार आहे, आणि त्याचं रोजचं फुकट एलिक्झर कुठलं निघेल ते डी6, म्हणजे सहा बाजूंचा फासा, ठरवतो. हवं ते पाहिजे तर स्पेल स्लॉट, म्हणजे मंत्रांच्या कोट्यातला एक, मोजा. मला ते रुचलं नाही. हातात काय आहे हे ज्याला माहीत नाही तो कसला किमयागार? निदान बडोद्याच्या माणसाने तरी हे चालवून घेऊ नये. अलेंबिक म्हणजे किमयागारांचं अर्क काढायचं भांडं, आणि आपण 1907 पासून ते नाव इथल्या औषधांच्या कारखान्याच्या पाटीवर वाचतोय.

जीएमशी एकच बोलणं करा: नुसते आकडे वाढवलेले शत्रू देण्यापेक्षा वीकनेस असलेले शत्रू अधूनमधून द्या, आणि खजिन्यात सोन्याऐवजी कधी एखादा फॉर्म्युला (नव्या बाटलीची कृती) ठेवा. आमच्या जीएमने बोनस मागितल्यावर साफ नाही म्हटलं होतं, पण हे लगेच मान्य केलं.

तुमच्या फॉर्म्युला-बुकात सध्या काय काय आहे आणि पार्टीत धनुष्यवाला कोणी आहे का, ते सांगा. आठांची यादी मिळून लावू.