सशाचं काल न्यूटरिंग (नसबंदीचं ऑपरेशन) झालं, नीट खात नाहीये, टाके चाटू नयेत म्हणून मानेभोवती शंकूसारखी कॉलर लावू का?

कॉलरचं नंतर बघू, आधी त्याच्या ट्रेमध्ये लेंड्या किती पडल्यात ते बघा. तुम्ही लिहिलंय काल सकाळी ऑपरेशन झालं, कोपऱ्यात बसून आहे आणि रात्रीपासून जेमतेम दोन पानं चघळली. टाके दिसतात म्हणून आपलं सगळं लक्ष तिकडे जातं, मीपण आमच्या सशाच्या, गोट्याच्या वेळी दर तासाला टाकेच बघत बसले होते, पण सशाचा जीव त्याच्या पोटात असतो. त्याचं आतडं सतत चालू राहावं लागतं, दुखण्यामुळे खाणं थांबलं की ते मंदावतं, मग गॅस होतो, मग अजूनच खाववत नाही आणि हे चक्र फार पटकन जिवावर बेततं. १२ तास खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर सरळ इमर्जन्सी समजा. म्हणजे तुम्ही हे वाचता वाचताच डॉक्टरांना फोन लावा, उद्यापर्यंत थांबू नका.

फोनवर दोन गोष्टी विचारा. एक, घरी द्यायला पेनकिलर दिलंय का, मेलॉक्सिकॅम वगैरे, कारण बऱ्याचदा न खाण्याचं कारण नुसतं दुखणं असतं. गोट्याला घरी आणलं तेव्हा औषध दिलंच नव्हतं, मलाही विचारायचं सुचलं नाही, दुसऱ्या दिवशी जाऊन आणलं आणि तासाभराने पठ्ठ्या गवत ओढायला लागला. दुसरं, सिरिंजने भरवायचं का, किती आणि कसं, ते त्यांच्याकडूनच समजून घ्या. घरातली माणसांची गोळी अजिबात नको, आणि कुणी अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तोंडातून द्या म्हणालं तर ऐकू नका, त्याने सशाच्या पोटातले चांगले जंतू मरतात.

पाठीला कुबड काढून, डोळे अर्धवट मिटून बसलाय, दात मोठ्याने करकरतोय, तर दुखतंय. (लाड करताना हळूच दात वाजवतात ते वेगळं, ते खुशीत असतात.) कान गार लागत असतील तर अंगाखाली टॉवेल, बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, पण त्याला बाजूला सरकता आलं पाहिजे. सुकं गवत तोंडापाशी ठेवा, पाणी बाटलीऐवजी वाटीत द्या, वाकायला सोपं जातं. लाकडाचा भुसा काढून टाका, जखमेला चिकटतो.

आता कॉलर. शक्यतो नकोच. ससा मऊ लेंड्या थेट मागून तोंडात घेऊन खातो, त्याला त्या लागतात, आणि कॉलरमुळे ते जमत नाही, वर घाबरून खाणंच सोडतो. थोडंसं चाटलं तर चालतं. टाके ओढत असेल, रक्त किंवा पू दिसला, सूज वाढतच चालली तर मात्र दाखवा. थोडी सूज असतेच. जखम सकाळ-संध्याकाळ बघितली तरी पुरे, अंघोळ घालू नका, आणि साधारण १० दिवस सोफ्यावर उड्या मारू देऊ नका.

आणि हो, घरात मादी असेल तर ऑपरेशन झालं म्हणून लगेच एकत्र सोडू नका, नर नंतरही ४ ते ६ आठवडे पिल्लं देऊ शकतो, जाळीच्या पलीकडून एकमेकांना हुंगू दे तोवर.

फोन लावा आधी. लेंड्या पडल्या की कळवा.