कामगार कमी पगाराला स्वतःहून राजी असेल, तर ख्रिस्ती नीतिविचारानुसार मालकाची जबाबदारी संपते का?

नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या ‘रेरुम नोव्हारुम’ या पत्रात नेमका हाच प्रश्न घेतला. करार मर्जीचा असला तरी काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचं पोट त्या वेतनात भागलंच पाहिजे. गरजेपोटी किंवा भीतीपोटी त्याने कमी पैशांना होकार दिला असेल, तर तो अन्यायाचा बळी ठरतो. तेव्हा ‘सही त्यानेच केली’ हा बचाव टिकत नाही.

रकमेइतकीच वेळही महत्त्वाची, आणि इथे भले भले चुकतात. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकातलं २४:१५ हे वचन सांगतं, मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्या. तो गरीब आहे, त्याचा जीव तिच्याकडे लागलेला असतो. आपलं बिल अडकलं म्हणून पगार लांबवला, की धंद्याची जोखीम सर्वांत दुबळ्या माणसावर पडते. म्हणून पगाराचे पैसे आधी बाजूला काढा, नफा नंतर मोजा.

ठेकेदार मध्ये असला तरी सुटका नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ मध्ये ‘अप्रत्यक्ष मालक’ ही कल्पना मांडली: मजुराला थेट कामावर न ठेवताही ज्याच्या निर्णयांनी त्याच्या कामाच्या अटी ठरतात, तोही जबाबदार. दर ठरवताना मजुराच्या हातात किती पडणार, हे विचारा. पुरेशी मजुरी त्यात बसत नसेल तर दर वाढवा.