मृगाच्या तोंडावर कुरणात शेण टाकू नका

प्रश्न : गगनबावडा भागात माझ्या सहा म्हशी आहेत. गोठ्यापासून ओढ्यापर्यंत एकरभर उताराचं गवत आहे. दरवर्षी मृगाआधी पाच-सहा ट्रॉल्या ताजं शेण त्यावर विस्कटतो. तरी गवत जोर धरत नाही. शिवाय दिवाळीनंतर ओढ्यातला डोह हिरवा होतो, म्हशी त्याला तोंड लावत नाहीत. शेण कमी पडतंय का?

उत्तर : शेण कमी नाही, उलट जास्तच होतंय. चुकतोय तो टाकण्याचा वेळ.

नाचणीच्या किंवा उसाच्या रानात शेणखत टाकलं की मागून कुळव फिरतो आणि खत मातीआड होतं. कुरणात कुळव फिरत नाही, त्यामुळे शेण गवताच्या बुडख्यावर उघडं पडून राहतं. त्यावर तुमच्याकडचा पाऊस, वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास! शेण टाकल्यानंतरचा पहिला मोठा पाऊसच सगळ्यात जास्त अन्नद्रव्य धुऊन नेतो. पुढच्या पावसांत ते प्रमाण उतरत जातं. आपण नेमकं त्या पहिल्या पावसाच्या आदल्या आठवड्यात शेण पसरतो.

अशा उतारावर मी आषाढात उभा राहिलो आहे. गवताच्या काड्या उताराकडे विंचरल्यासारख्या झोपलेल्या, बुडख्यांना शेणातली पिंजर अडकलेली आणि पायथ्याला येणारं पाणी काळ्या चहासारखं. शेतकऱ्याच्या वर्षभराच्या कष्टाचं खत डोळ्यांदेखत ओढ्याला जाताना बघून वाईट वाटतं.

त्याची किंमत सांगतो. एक म्हैस दिवसाला १२-१५ किलो शेण टाकते असं धरलं, तर सहा म्हशींचं वर्षाचं शेण ३० टनांच्या घरात जातं. त्यातलं नत्र (नायट्रोजन) साधारण ९० किलो भरतं, म्हणजे युरियाची चार पोती. मुताचं तर यात धरलेलंच नाही.

आता डोहाचं. तुमच्या तांबड्या जांभ्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम भरपूर असल्यामुळे ती स्फुरद (फॉस्फरस) घट्ट धरून ठेवते, पण तो मातीत उतरला तरच. वरच्या वर वाहून गेलेला स्फुरद थेट डोहात साठतो. लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा भाग स्फुरदही शेवाळ माजायला पुरतो. हिरव्या सायीसारखा तवंग आला असेल तर ते पाणी म्हशींना अजिबात पाजू नका. निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विषारी असतात आणि जनावर दगावू शकतं. तोवर विहिरीचं पाणी डोणीत भरून पाजा. विहीर उताराच्या खालच्या अंगाला असेल तर तिचं पाणीही तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि घरात तान्हं बाळ असेल तर ही तपासणी टाळू नका.

यंदापासून पावसाळ्याचे चार महिने शेण साठवा. तेवढ्या काळाचं नऊ-दहा टन होईल. खड्डा मात्र काढू नका, श्रावणात त्यात खालूनच पाझर फुटतो. १२ बाय १० फुटांची फरशी करून कडेनं तीन फूट भिंत घ्या, वर पत्रा टाका. रोजच्या शेणावर पालापाचोळा किंवा पिंजर पसरत चला, म्हणजे मूतही जिरेल. उकिरडा ओढ्याकाठी असेल तर तो आधी हलवा.

परतीचा पाऊस थांबला, जमिनीत वाफसा आला, म्हणजे चिखल सुकून बेताची ओल राहिली आणि गवत अजून हिरवं आहे, तेव्हा कुजलेलं खत टाका. एकराला चार टन, म्हणजे दीड ट्रॉली, बास. संध्याकाळच्या वेळी पातळ विस्कटा, ढेकळं ठेवू नका, त्याखाली कोंब गुदमरतो. उरलेलं खत उसाला, भाताला द्या किंवा विका. ओढ्यालगतच्या तीस फुटांत काहीच टाकू नका. तिथं आणि उताराच्या मध्यावर आडव्या ओळीत वाळा (खस गवत) लावा, त्याची मुळं माती आणि गाळ अडवतात.

बायोगॅसची स्लरी असेल तर तिलाही हाच नियम. तिच्यातलं नत्र लवकर विरघळतं, म्हणून भर पावसात पाटानं सोडणं सगळ्यात वाईट.

डोह एका वर्षात निवळणार नाही, तळातल्या गाळात जुना स्फुरद आहे. पण पुढच्या आषाढात मोठा पाऊस झाला की पायथ्याचं पाणी तांब्यात धरून बघा. तांबूस असेल तर ती माती आहे, वाळ्याची ओळ दाट करा. काळपट, फेसाळ आलं तर कळवा, मी येऊन उतार बघतो.